मोथा लावणारा माणूस

१४ जुलै

एसटीतून रिटायर झालो त्याला पंधरवडा झाला. आज बायकोने, गोदाने, साफ सांगितलं, "फाटकात बसून येनाऱ्या-जानाऱ्या गाड्यायचा टाइम पाहनं बंद करा. लोक हसून राहिले." म्हणून ही डायरी. परतवाड्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो, माईकवर ओरडणं आणि लॉगशीट लिहिणं ही दोनच कामं येतात. ओरडणं घरात चालत नाही, राहिलं लिहिणं.

सकाळी अमरावतीच्या छत्री तलावावर फिरायला गेलो तर एक बाई काठाच्या चिखलात बसलेल्या. वय माझ्याहून थोडं जास्त, आभाळ भरून आलेलं तरी डोळ्यांवर काळा चष्मा. माझ्या चपलांचा आवाज ऐकून म्हणाल्या, "कोण आहे? जरा इकडे या. हे दोन बोटांत धरून फिरवा."

गवताची काडी होती. फिरवली, म्हटलं, "गवत हाय."

"पुन्हा फिरवा. घाई नको."

पुन्हा फिरवली आणि बोटांना धार लागली. एक, मग दुसरी, मग तिसरी. काडी गोल नव्हती, तिकोनी होती. बाई म्हणाल्या, हे गवत नव्हेच, लव्हाळ्याचं कुळ आहे, तुमच्या शेतातला मोथाही याच घरातला. मी कुणब्याच्या पोटी जन्मलो, मोथा उपटून उपटून बोटांना घट्टे पडले, पण त्याचा दांडा तिकोनी असतो हे मला आज साठी जवळ आल्यावर कळलं. स्वतःचा राग आला आणि मजाही वाटली.

बाईंचं नाव ज्योत्स्ना तायडे. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, आता निवृत्त. मी पंजाबराव असं सांगितल्यावर माझं गाव विचारलं. दर्यापूरच्या पलीकडे, खारपाणपट्ट्यात, असं म्हटल्यावर त्या एकदम थांबल्या. म्हणाल्या, "उद्या येता का?"

१६ जुलै

घराभोवती जे जे हिरवं दिसेल ते विळीवर आडवं कापून बघतोय. दूर्वा गोल, मध्ये पोकळ, आणि पेरं आहेत. मोथा तिकोनी, भरीव, खालपासून वरपर्यंत पेराचा पत्ता नाही. गोदाला बोलावून दाखवलं.

"मंग?" ती म्हणाली. "तिकोनी हाय तं काय समोसा करू?"

गाढवाला गुळाची चव काय, असं मनात म्हटलं. मनातच.

२३ जुलै

तायडे मॅडम कडक आहेत. त्यांचा नियम असा की काहीही सापडलं तरी दाखवायचं नाही, तोंडाने सांगायचं. मी काडी पुढे केली की म्हणतात, "दाखवू नका, सांगा." मी म्हटलं, हिरवं हाय. म्हणाल्या, "अमरावती जिल्ह्यात सगळंच हिरवं आहे सध्या."

शेवटी मला माझा धंदाच आठवला. खाकरून सुरू केलं, "लक्ष द्या! दांडा तिकोनी, गुडघ्याएवढा. पानं तीन बाजूंनी निघनारी. वर छत्रीसारखा फुलोरा, खाली लांब पानाचा झुपका. मुक्काम चिखल, मार्गे नाली!"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाल्या, "असंच सांगत जा. मला चित्र दिसतं."

दुसरा नियम, एखादी जात दहा झुडपांहून कमी असेल तर हात लावायचा नाही.

काल परत येताना त्यांनी मला एक काडी दिली. गोल, पान एकही नाही, टोकाला तेवढं बोंड. मी छातीठोकपणे गवत म्हणालो. तेही लव्हाळंच निघालं! म्हणजे तिकोनी दांड्याचा नियम शिकवायचा आणि मग आपणच मोडायचा. एसटीत असं वेळापत्रक कोणी लावलं असतं तर प्रवाशांनी मारलं असतं. पण रात्रभर डोक्यात तेच होतं की गोल असूनही लव्हाळं कसं. पेर नाही, हे उत्तर. पहाटे सुचलं.

२ ऑगस्ट

आज मॅडमनी स्वतःचं भिंग मला देऊन टाकलं. पितळी, घडीचं, झिजलेलं. "तुमच्याकडेच ठेवा, माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त उपयोग." विद्यार्थ्यावर इतका विश्वास! मला अभिमान वाटला, कशाला लपवू.

भिंगातून लव्हाळ्याचं बी पाहिलं. उघड्या डोळ्यांना खसखशीहून बारीक. भिंगाखाली बघतो तर त्याला कंगोरे, अंगावर नक्षी, जसं कोणी बसून कोरलं आहे. प्रत्येक जातीचं बी वेगळं. मोथ्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या शिव्या दिल्या, त्याच्या घरात एवढी कलाकुसर चालली आहे हे कोणाला माहीत होतं!

११ ऑगस्ट

गोदाने मॅडमना चहाला बोलावलं. पोहे केले, वरून सांबार (पुस्तकातली कोथिंबीर), खोबरं, थाटात. मॅडमना चहा देताना कप टेबलावर न ठेवता तिने त्यांचा हात धरून हातात दिला. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मला असा कप कधी मिळाला नाही.

मॅडम गेल्यावर मी म्हटलं, बाई हुशार आहेत पण बोलताना माणसाच्या डोळ्यात बघत नाहीत, कानाकडे बघतात. मी आरशात कान पाहून आलो, काही नव्हतं. शिकलेल्या माणसाला जरा तोरा असायचाच.

गोदा माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुमी जनमभर बसा पाह्यल्या. मानूस कधी पाह्यला नाई."

बायकांचं असंच असतं, सरळ काही सांगत नाहीत.

१८ ऑगस्ट

आज फार वाईट वाटलं. इतवारा बाजारात भाजी घेत होतो, समोरून मॅडम आल्या. मी हात जोडले. त्या आल्या तशा निघून गेल्या. वाटलं, लक्ष नसेल. वळसा घालून पुढे गेलो, पुन्हा हात वर केला, चांगला डोक्याच्या वर. चार हातांवरून गेल्या. मान हलवणंही नाही.

चिखलात पंजाबराव चालतो, बाजारात ओळख दाखवायला लाज वाटते काय? मी डेपोचा माणूस आणि त्या प्रोफेसर, एवढंच ना? उद्यापासून तलाव बंद.

गोदा म्हणाली, "जवळ जाऊन बोल्ले का?"

"मी काहून जाऊ? मले काय गरज?"

"तुमाले नाई," ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

२७ ऑगस्ट

मॅडमचा फोन आला. "पंजाबराव, बरेच दिवस आला नाहीत. माझं काही चुकलं का?" आवाज असा होता की माझा रुसवा तिथेच गळला. गुडघा दुखतो अशी थाप मारली आणि लंगडत न जाता गेलो.

आज त्यांनी पूर्ण गोष्ट सांगितली. कॉलेजात शिकत होत्या तेव्हा आमच्या गावच्या तळ्यावर त्यांना एक लव्हाळा सापडला होता. खाऱ्या जमिनीतला, समुद्रकाठी असतो तसा. बोल्बोस्कीनस. (नाव असं की बसच्या पाटीवर मावायचं नाही.) बाहेरून आलेल्या एका मोठ्या तज्ज्ञाने हसून सांगितलं, पोरी, तुझी ओळख चुकली, समुद्र कुठे आणि तू कुठे. वाळवून ठेवलेला नमुना पुढे कसरीने खाल्ला. सगळे विसरले, मॅडम विसरल्या नाहीत.

"घरी पुस्तक नव्हतं, कंदील नव्हता धड, आणि मी त्याची ओळख एकटीने लावली होती," त्या म्हणाल्या. "मी बरोबर होते की नव्हते, एवढंच मला कळायला हवं. यंदाच."

"यंदाच काहून? पुढच्या साली जाऊ आरामात."

"पुढच्या सालचं कोणी पाहिलं आहे," त्या म्हणाल्या. सदुसष्ट म्हणजे काही वय नाही, मी त्यांना धीर दिला.

८ सप्टेंबर

पोरीची जुनी मारुती काढून मॅडमना गावाला नेलं. धाकटा भाऊ श्रावण शेती बघतो, तळं त्याच्या वावराला लागूनच. आमच्याकडच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, पाहुणा चहा एकदा पितो आणि दुसऱ्यांदा नको म्हणतो, इतकं खारट. मॅडमनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन जिभेला लावलं. "तेच आहे," म्हणाल्या. चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला.

दिवसभर काठाने फिरलो. मी सांगत होतो, त्या काड्या बोटांत फिरवत होत्या, नाही, नाही म्हणत होत्या. सापडला नाही. पुढच्या महिन्याच्या आत पुन्हा यायचं ठरलं. त्या गाडीत बसताना दाराची कडा चाचपून बसल्या. दमल्या असतील.

२९ सप्टेंबर

काय लिहू. माझ्या हातून नको ते झालं.

पुन्हा तळ्यावर गेलो होतो. दुपारी मॅडम बाभळीखाली टेकल्या. श्रावण आला, आम्ही दोघं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसलो. यंदा निंदणाला माणसं मिळत नाहीत, कपाशीत तण माजलं, अशी त्याची रड चालली होती. आमच्याकडे माणूस धुऱ्यावर रिकाम्या हाताने बसत नाही. आई म्हणायची, बसलाच आहेस तं तेवढा मोथा उपट. बोलता बोलता दोघांचेही हात चालू. पावसाने जमीन मऊ, मोथा मुळासकट येत होता. उपटायचा आणि मागे फेकायचा.

थोड्या वेळाने मॅडम म्हणाल्या, "धुऱ्याच्या खाली, पाण्याला लागून काय आहे ते सांगितलं नाहीत."

"काही नाई मॅडम. साफ हाय."

"साफ कसं?"

"आताच केलं. मोथा होता."

त्या सरळ बसल्या. मग हात पुढे केला. "द्या."

मी एक झुडूप उचलून दिलं. त्यांनी दांडा बोटांत फिरवला, पानाच्या कडेवरून नख नेलं, मग हळूहळू खाली मुळाशी आल्या. तिथे सुपारीएवढी गाठ होती, काळी, लाकडासारखी. नख रुतवून पाहिलं, रुतेना. गाठ मोडायला लावली, वास घेतला.

"मोथ्याला वास असतो, पंजाबराव. देवघरातल्यासारखा. याला नाही." त्यांनी गाठ मुठीत धरली. "हाच तो. किती उपटला?"

मी श्रावणकडे पाहिलं, श्रावणने माझ्याकडे. "सगळा."

"फूल होतं?"

"शेंडे शेळ्यायनं खाल्ले होते."

फुलाशिवाय, बियांशिवाय पुरावा नाही, एवढं मलाही आता कळतं. त्या गाठ बोटांत फिरवत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट मीच चिडलो, चोराच्या उलट्या बोंबा. म्हणालो, "मॅडम, ढीग तं तुमच्या पायापाशीच पडून होता अर्धा घंटा. तुमाले दिसला नाई का?"

"नाही, पंजाबराव," त्या म्हणाल्या. "दिसला नाही."

मी गाडी चालवत होतो आणि दर्यापूर मागे गेलं तेव्हा मला कळलं. काळा चष्मा. दाखवू नका, सांगा. भिंग. कान. दाराची कडा. इतवाऱ्यात डोक्याच्या वर हात करून उभा असलेला मी. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मॅडमनी विचारलं, काय झालं. म्हटलं, इंजिन तापलं. खाली उतरून उगाच बॉनेट उघडून उभा राहिलो, डोळे कोरडे होईपर्यंत.

घरी येऊन गोदाला म्हटलं, "तुले ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"त्यायनं सोता सांगतलं नाई, मी कोन सांगनारी?"

३० सप्टेंबर

मोथा मेला असं आजवर कोणी ऐकलं आहे का? नांगरा, जाळा, विष फवारा, गाठ जमिनीत राहिली की पुन्हा हजर. मग त्याचा हा भाऊबंद कसा मरेल?

पहाटेच उठून गावाला गेलो. ढीग तिथेच होता. सुकलेली पानं छाटली, गाठी वेगळ्या केल्या, पाण्याच्या काठाला चिखलात एकेक लावली. श्रावण कमरेवर हात ठेवून बघत होता.

"भाऊ, तू मोथा लावून राह्यला?"

"हाव."

"आबा वरून पाहत असन तं पुन्हा मरन."

शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. गावातले चार जण बघायला आले. नत्थुजी म्हणाले, "नोकरी सुटली तं मानसाचं डोस्कं बी सुटते काय?" हसू दे. तेही खरंच आहे म्हणा, आमच्या घराण्यात मोथा लावणारा मी पहिलाच.

६ ऑक्टोबर

मॅडमकडे जाऊन पाया पडलो. त्यांना कसं कळलं कोण जाणे, पाय मागे घेतले. "तुम्ही शेतकऱ्याचे हात घेऊन आलात, त्याला काय करणार," म्हणाल्या. लावणीची हकीकत ऐकली आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसल्या. "रोज खबर द्यायची. माईकवर देता तशी."

१३ ऑक्टोबर

कोंब नाही. फोनवर सांगितलं, "दर्यापूर गाडी उशिराने धावत आहे." मॅडम म्हणाल्या, "प्रवासी थांबायला तयार आहेत."

२ नोव्हेंबर

दिवाळीचा पाडवा. सगळे घरी आणि मी तळ्यावर. कोंब! बोटाएवढे, टोकदार, हिरवेगार. गाठी सगळ्या नाही आल्या, पण आल्या. मी चिखलात उभा राहून फोनवर इतका ओरडलो की पलीकडच्या वावरातून श्रावण पळत आला, त्याला वाटलं साप चावला.

५ डिसेंबर

मॅडमना नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे नेलं. गोदाही आली. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "सांगितलं ते मला ठाऊकच होतं." समोर बघितलं की मधोमध धुकं, कडेकडेने तेवढं दिसतं, आणि तेही कमी होत चाललं आहे. परत येणार नाही.

"म्हनून तुमी कानाकडे पाहत होत्या."

"तुमचा उजवा कान मला पाठ आहे," त्या म्हणाल्या. "केस फार आहेत त्यावर."

गोदा मोठ्याने हसली. मी कान चाचपून पाहिला. विचारलं, आधी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तुम्ही माझा हात धरून चालवलं असतं. लव्हाळे शिकला नसता."

तेही खरं. पण मी त्या इतवाऱ्याबद्दल त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

१२ जानेवारी

फुलोरा आला आहे. श्रावणने स्वतः फोन केला, "भाऊ, तुया मोथ्याले लेकरं झाले." आता तोही रोज काटे नीट करतो, शेळ्या दिसल्या की गोफण घेऊन धावतो. बी भरेपर्यंत थांबावं लागेल. मॅडम म्हणतात, थांबू. पण पेपरातले मथळेही आता दिसत नाहीत असं गोदा सांगत होती.

२ फेब्रुवारी

आज गेलो. मॅडमनी इस्त्रीची साडी नेसली होती, चिखलाचा विचार न करता. मी त्यांना पाण्यापर्यंत नेलं आणि हात सोडला. त्यांनीच सांगितलं होतं, सोडायचा.

"सांगा," त्या म्हणाल्या.

मी खाकरलो. स्टँडवर दिवाळीच्या गर्दीतही इतकं जपून कधी बोललो नाही. म्हटलं, "दांडा तिकोनी, धारदार. कमरेएवढा. पानं रुंद. फुलोऱ्याखाली पान लांब, फुलोऱ्याच्या वर गेलेलं. कणसं तपकिरी, खारकेच्या बीएवढी, झुपक्यानं." मग भिंग काढलं. "बी गडद तपकिरी, चमकदार. बुडाशी बारीक केस. खाली गाठ, ते तं मी उपटूनच पाह्यलं."

"मग काय आहे?"

"तुमी सांगा, मॅडम."

"मी पंचेचाळीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं. आता मला ऐकायचं आहे."

एक क्षण वाटलं, माझं चुकलं तर? मी कोण, परतवाडा स्टँडचा माणूस. पुन्हा भिंग लावलं. दुसरं कणीस घेतलं, तिसरं घेतलं. मॅडमनी घाई केली नाही. मी बराच वेळ पाहिलं.

"बोल्बोस्कीनस," मी म्हणालो.

"खात्री आहे?"

"खात्री हाय. मॅडम, तुमी बरोबर होत्या."

त्यांनी एक कणीस आभाळाकडे धरलं, मान तिरकी केली, डोळ्याच्या कोपऱ्यातून खूप वेळ बघत राहिल्या. "तपकिरी काहीतरी आहे," म्हणाल्या.

"हाव. तपकिरीच हाय."

त्या पोरीसारख्या रडल्या. श्रावण दूर जाऊन उगाच काटे सारखे करायला लागला.

एकच दांडा घेतला, वर्तमानपत्रात ठेवला. नमुन्याच्या चिठ्ठीवर ओळखणाऱ्याचं नाव लिहावं लागतं. मी त्यांचं लिहिलं. त्यांनी विचारलं, काय लिहिलंत. सांगितल्यावर म्हणाल्या, "ज्याने पाहिलं त्याचं नाव लिहायचं असतं. शास्त्राचा नियम आहे." मग आम्ही बराच वेळ भांडलो आणि दोघांचं लिहिलं, त्यांचं वर.

९ मार्च

इतवाऱ्यात गेलो होतो. सांबाराच्या ढिगाशी मॅडम उभ्या. हातात आता पांढरी काठी आहे. माझा हात सवयीने वर जायला लागला, तो मी खाली घेतला. नालीच्या कडेला मोथा होताच, तो कुठे नसतो. एक दांडा तोडला, जवळ गेलो आणि काही न बोलता त्यांच्या तळहातावर ठेवला.

त्यांनी तो दोन बोटांत फिरवला. घाई नाही.

"मोथा," त्या म्हणाल्या. "आणि पंजाबराव. बाजारात तरी उपटणं सोडा."

मग म्हणाल्या, "आलाच आहात तर सांगा, सांबार ताजा आहे का?"

मी खाकरून सांगायला सुरुवात केली. भाजीवाली आ वासून ऐकत होती.